क्षमा केली म्हणजे हार्वेस्टचा गल्लाही त्याच्याच हातात द्यायचा का?

नानापेठ_केकवाली

सर्वांना सलाम. विषय घरातला आहे, म्हणून नावं गाळते.

आमच्या चर्चमधल्या बायकांची भिशी आहे. चौदा जणी, महिना ५,००० रुपये, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला ७०,०००. वही आणि पैसे माझ्या मावसभावाकडे असायचे. तो हिशेबाला पक्का, संडे स्कूलपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला, आणि खरं सांगायचं तर आम्हा बायकांचा एकमेकींवर भरवसा नव्हता. गेल्या ऑक्टोबरचा नंबर माझा होता. नाताळच्या केकच्या ऑर्डरी घरच्या ओव्हनवर निघत नाहीत. दर डिसेंबरला मिश्रणाचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीसमोर रात्री ताटकळत बसावं लागतं. म्हणून मोठा ओव्हन घ्यायचा होता, दुकानदाराला बयाणाही देऊन झाला होता. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, "बँकेत अडकलेत" हेच चाललेलं. शेवटी त्याच्या घरी जाऊन वही उघडली. माझ्या नावापुढे निळ्या शाईत "पोचले", तारीख, आणि खाली माझी सही. सही त्यानं छान जमवली होती, फक्त माझ्या आडनावातला ळ मी तसा काढत नाही.

पैसे मोबाइलवरच्या रमीत गेले होते.

उपवासकाळात एका रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगतात तेव्हा, तो उठून उभा राहिला. मोहात पडलो म्हणाला, ढसाढसा रडला. मंडळी रडली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले, मग बाहेर चहा. मीही रडले, खोटं कशाला बोलू? दाराशी येऊन म्हणाला, "ताई, माफ कर." मी म्हटलं, "केलं." त्यानंतर आजपर्यंत परत आलेत १५,०००.

आता हार्वेस्ट, म्हणजे चर्चमधला सुगीचा सण, तोंडावर आलाय. ज्यांच्याकडे होत नाही त्यांच्यासाठी सांगते: उपासना संपली की लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. भोपळा, कोंबडी, लोणच्याच्या बरण्या, नारळाच्या वड्या. भावकीतली दोन माणसं ईर्ष्येला पेटली की साधा भोपळाही हजारावर जातो. दुपारभर नुसती रोकड हलत असते. कमिटीनं ठरवलंय की यंदा गल्ल्यावर त्याला बसवायचं, कारण "मंडळीनं त्याला पदरात घेतलंय हे दिसलं पाहिजे". मी सभेत नाही म्हटलं. त्यावर एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, प्रभूनं सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय. तुमचं तर एकदाच झालंय." सगळे हसले.

तेव्हापासून मी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायला, पुढे जात नाही, बाकावरच बसून राहते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गल्ल्याला विरोध केला म्हणजे मी मनातून क्षमा केलेलीच नाही, असं होतं का? आणि उरलेले ५५,००० मागितले तर ते पाप का? आई म्हणते, "आपलंच लेकरू आहे, प्रभूवर सोड."


कृपेचा_पाईक

ताई, सोडून द्या. देवानं आपली सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकली (मीखा ७:१९), आणि आपण पंचावन्न हजार मोजत बसायचं? तुम्ही "केलं" म्हणालात ना, मग आता हिशेब कसला? गल्ल्याचं म्हणाल तर प्रभूचा शिष्य यहूदा, ज्याच्याकडे पैशांची डबी असायची, तो चोर होता (योहान १२:६). प्रभूला ते ठाऊक नव्हतं का? तरी त्याच्याकडून डबी काढून घेतली नाही.


खडकीबाजार

आणि त्या यहूदाचं पुढे काय झालं, भाऊ? पैशासाठी प्रभूलाच धरून दिलं ना?


घोरपडी_गुरुजी

केकवाली ताई, मी निवृत्त शिक्षक, अजूनही मंडळीत शास्त्राभ्यास घेतो, त्यामुळे थोडं लांबेल.

ज्येष्ठांनी मत्तय १८ मधलं एक वचन उचललं. अध्याय वरपासून वाचायला हवा. "सत्तर वेळा सात" बावीसाव्या वचनात येतं. त्याच्या आधी १५ ते १७ मध्ये प्रभू सांगतो की भावानं अपराध केला तर आधी एकट्याला गाठून त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरी नाही तर मंडळीला सांग. तुमच्याकडे हे सगळं उलट्या क्रमानं झालं. मंडळीसमोर आधी, आणि दोघांनी समोरासमोर बसून बोलणं अजून व्हायचंच आहे. दाराशी "माफ कर", "केलं" झालं, त्याला मी बोलणं म्हणत नाही.

आता त्याच अध्यायातला निर्दय चाकर. राजानं त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, आणि बाहेर येऊन त्यानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. उपदेशात नेहमी ऐकतो की शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम. किरकोळ कशी? दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तय २० मध्येच आहे. आज बिगाऱ्याचा रोज ७०० धरा. शंभर दिवसांचे किती झाले? बरोबर तुझे सत्तर हजार. प्रभू ही रक्कम शून्य आहे असं कुठेही म्हणत नाही. देवानं आपल्याला सोडलं त्यापुढे ती थोडी आहे, एवढंच. आणि चाकराचा दोष बघ. येणं त्याच्या लक्षात राहिलं हा दोष नाही. सोबती पाया पडून म्हणत होता, धीर धर, मी फेडीन, आणि यानं त्याला तुरुंगात टाकलं. तू कुणाला तुरुंगात टाकायला निघाली नाहीस. तुझी सही खोटी केली तरी पोलिसांत गेली नाहीस. धीर धरून घेणं हे त्या सोबत्यानं मागितलंच होतं. तेवढं तू दे.

भरपाईचं म्हणशील तर गणना ५:६-७ मध्ये पाप कबूल करून पूर्ण परतफेड आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. तुझ्या हिशेबानं ८४,०००. (ते मागू नकोस, नाहीतर माझं नाव येईल.) जकातदार जक्कय तर चौपट म्हणाला. लूक १९ मध्ये क्रम बघ: जक्कय उभा राहून परत देतो म्हणतो, आणि मग प्रभू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं. तेव्हा उरलेले पैसे मागणं हे पाप नाही. उलट त्याचा पश्चात्ताप अर्धवट लोंबकळतोय तो पुरा व्हायला मदत होईल.

त्या ज्येष्ठांना माझा निरोप: पौलाचं फिलेमोनाला पत्र एका पानाचं आहे, वाचायला वेळ लागत नाही. तुझा दास अनेसिम याला परत घे असं पौल नुसतं सांगत नाही. त्याच्याकडून तुझं काही येणं असेल तर माझ्या हिशेबात मांड, मी फेडीन, असं आपल्या हातानं लिहून देतो. दुसऱ्याला क्षमा करायला सांगणाऱ्यानं एवढी तयारी ठेवावी.

प्रभुभोजनाबद्दल एकच. १ करिंथ ११:२८ मध्ये माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं आहे. परीक्षा करून बाकावर बसावं, असं नाही. पुढे जा.


पेठेतला_आगंतुक

मी ख्रिस्ती नाही, पण गुरुवार पेठेत वाढलो, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत. म्हणून आगाऊपणा करतो. १८९० साली त्याच मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, टिळक आणि रानडेही होते. नंतर चहा-बिस्किटं आली, ख्रिस्त्यांच्या हातची म्हणजे तेव्हा धर्म बुडवणारी. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा वाद, माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारक त्यांच्यावर चिडले ते वेगळंच.

सांगायचा मुद्दा, त्या चहात कुणाचा एक पैसा बुडाला नव्हता, तरी सगळं पुणं "प्रायश्चित्त घ्या, प्रायश्चित्त घ्या" म्हणून मागे लागलं. इथे बाईंचे सत्तर हजार गेले, आणि त्या माणसाला कुणी काहीच करायला सांगत नाही. उलट बाईंनाच सांगताहेत. गंमत वाटली.


नानापेठ_केकवाली

@पेठेतला_आगंतुक हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. आमच्याकडेही चहाच झाला होता, साक्षीनंतर.

@गुरुजी, फिलेमोन आजच वाचलं. ज्येष्ठांना म्हणून दाखवायची हिंमत गोळा करतेय.


नगररोडची_लेक

मी कॅथलिक, त्यामुळे आमची रीत सांगते, पटेल तेवढं घ्या. आमच्याकडे मोठं पाप फादरांसमोर कबूल करायचं असतं, आणि आत बोललेलं बाहेर जात नाही. फादरांनीच ते बाहेर काढलं तर चर्च त्यांना अतिशय कडक शिक्षा करतं. मला आपलं वाटतं, दोनशे लोकांसमोर रडणं त्या मानानं सोपं आहे. लोक जवळ घेतात, पाठ थोपटतात, "किती धीराचा" म्हणतात. जाळीच्या आड एकाच माणसाला किती घेतले, कुणाचे घेतले, कुणाची सही केली हे शब्दांत सांगणं फार जड जातं. तिथे टाळ्या नसतात. (साक्षीवर माझा राग नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडत पापं कबूल करत होत्या, ते खोटं होतं असं कोण म्हणेल?)

आणि क्षमा मिळाली तरी चोरीचं परत करावंच लागतं. आमच्या शिकवणीत पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तिन्ही येतं. क्षमेनं पाप जातं, पण दुसऱ्याचं झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही. अजून एक, पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आम्ही नुसतं "पुन्हा पाप करणार नाही" म्हणत नाही, "पापाचे प्रसंग टाळीन" असंही म्हणतो. जुगाऱ्यासाठी नोटांनी भरलेला डबा म्हणजे पापाचा प्रसंग नाही तर काय? तुमची कमिटी तो प्रसंग स्वतः सजवून त्याच्यापुढे ठेवतेय.


खडकीबाजार

मघाशी एका ओळीत बोललो, आता नीट लिहितो, कारण मी या वाटेवरचा आहे. आधी मटका, मग मोबाइल. बायकोचे दागिने, भावाचे पैसे, सगळं झालं. नाव सांगत नाही. खडकीत ओळखणारे ओळखतील.

बाहेरच्याला वाटतं, मोह म्हणजे एक मोठी लाट येते आणि माणूस वाहून जातो. तसं नसतं. मोह हिशेबाच्या रूपात येतो. याकोबानं (१:१४) म्हटलंय की माणूस स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो. माझी वासना नेहमी बेरीज-वजाबाकी करत यायची: "आत्ता पाचशे उचलायचे, संध्याकाळी दोन हजार होतात, रविवारच्या आत परत ठेवायचे, कुणाला कळायचंही नाही." चोरी करतोय असं एकदाही वाटलं नाही, दरवेळी उसने घेतोय असंच वाटलं. तुमच्या भावानंही "पोचले" लिहिताना नक्की ठरवलं असणार की आठवड्यात पोचवतो.

मंडळीत परत आलो त्या वर्षी सेवकांनी प्रेमानं दानाची थैली माझ्या हातात दिली. लाल मखमलीची, लाकडी दांड्याची, तुम्ही पाहिली असेल. चौथ्या-पाचव्या बाकापर्यंत गेलो. थैली जड होत होती, आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही म्हातारी वीस टाकते, हा पाचशे दुमडून टाकतो, आत साधारण किती झाले असतील. गीत चाललं होतं आणि मी गणित करत होतो. पुढच्या रविवारी सांगितलं की मला हे काम देऊ नका. सतरंज्या घालतो, खुर्च्या उचलतो, ख्रिसमसला स्टार लावायला शिडीवर चढतो, पण पैसे नको. काहींना वाटलं, याचा विश्वास कच्चा. वाटू दे.

आजही माझं एटीएम कार्ड बायकोकडे असतं. फोन साधा, बटणांचा. २०२५ साली पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद झाले, चांगलं झालं, पण ज्याला खेळायचंय त्याला दोन पोरं बसस्टॉपवर पैज लावताना दिसली तरी पुरतं.

दर रविवारी आपण सगळे एका सुरात म्हणतो, आम्हांला परीक्षेत आणू नको. देवाला ही विनंती करायची, आणि उपासना संपल्यावर आपणच त्याला परीक्षेत बसवायचं? माझा एक दोस्त मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आला, दारू सुटली. त्याला सगळ्यांनी क्षमा केलीय हे दिसावं म्हणून वाइन शॉपच्या काउंटरवर बसवाल का?

ताई, तुम्ही गल्ल्याला नाही म्हणालात हे त्याच्यावर उपकार आहेत. आणि मुख्य म्हणजे, त्याला विचारलंय का कुणी?


कृपेचा_पाईक

खडकीबाजार दादा, तुमची साक्ष वाचून मन भरून आलं. तरी एक शंका आहे. असंच धरून बसलो तर माणूस बदलतो यावर आपला विश्वासच नाही असं होईल. पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं. प्रभूनं त्याला "माझी मेंढरे पाळ" म्हणून सांगितलंच ना? त्याला वर्षानुवर्षं बाहेर नाही बसवलं.


खडकीबाजार

बरोबर, सांगितलं. पण आधी तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रेम करतोस काय?" आणि पेत्र तिसऱ्यांदा दुःखी झाला, तरी विचारलं. तुमची कमिटी एकदासुद्धा विचारत नाही, थेट गल्ला देते. शिवाय पेत्राची खोट पैशाची नव्हती. माझी आहे. मला मेंढरं द्या हवी तर, मोजायला नोटा देऊ नका.


घोरपडी_गुरुजी

पाईक, तुझा मुद्दा टाकाऊ नाही. माणसाला कायमचा "तो भिशीवाला" करून ठेवणं हेही पापच, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ते भरपूर चालतं. लग्नाच्या बैठकीत तीस वर्षांपूर्वीचं काढतात. त्याला काम द्याच. लिलाव पुकारायला उभा करा. आवाज चांगला असेल तर भोपळा दोन हजारांवर नेईल. रोकड दुसऱ्या दोघांकडे ठेवा. आणि दोघं म्हणजे दोघंच, एकटा कुणीच नको, अगदी ज्येष्ठसुद्धा. हा नियम सगळ्यांना असला की कुणा एकाकडे बोट जात नाही.


नानापेठ_केकवाली

काल त्याच्याकडे जाऊन आले. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे एकटीच गेले, पण त्याची बायको घरात होती, आणि नंतर वाटलं बरं झालं होती.

गल्ल्याचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. रविवारी सूचना वाचल्या तेव्हा इतरांबरोबर त्यालाही कळलं. म्हणाला, "नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं तर लोक म्हणतील, याच्या मनात अजून आहे." मी खडकीबाजार दादांचं ते थैलीचं त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे कुणी लिहिलंय?" पाळकसाहेबांना स्वतः जाऊन सांगतो म्हणालाय. लिलाव पुकारण्याचं विचारलं तर पहिल्यांदा हसला. आवाज आहे त्याला.

पैशाचं महिना ३,००० ठरलं, त्याच्या बायकोच्या खात्यातून. म्हणजे निदान अजून एक नाताळ भट्टीसमोर. मी चिडले नाही असं नाही. त्याच्या तोंडावर सांगितलं की सहीचा राग पैशापेक्षा जास्त आहे आणि तो अजून गेलेला नाही. तो म्हणाला, "नको जाऊ दे एवढ्यात." यावर काय बोलणार?

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. आधी जे १५,००० आले ते त्यानं दिलेच नव्हते. वहिनीनं तिच्या पाटल्या गहाण टाकल्या. मी निघताना जिन्यात तिनं सांगितलं, तेही ओघात, माझ्या हातातल्या बांगड्यांवरून विषय निघाला म्हणून. त्या साक्षीच्या रविवारी सगळे त्याला जवळ घेत होते तेव्हा ती मागे पोरांची दप्तरं धरून उभी होती. तिची क्षमा कुणी मागितली नाही. मीसुद्धा तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आता ते १५,००० माझ्याकडे राहिलेले नाहीत, भिशीतल्या दुसऱ्या एका बाईला पोचवून झाले. मी काय करू?

(ज्येष्ठांना फिलेमोन म्हणून दाखवलं. हसले, छान म्हणाले. खिशाला हात गेला नाही.)


नगररोडची_लेक

त्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.


खडकीबाजार

माझ्या बायकोनंही असंच केलं होतं, म्हणून सांगतो. पाटल्या कुठल्या सराफाकडे आहेत आणि व्याज किती चढलंय ते आधी विचारा. गहाणाचं व्याज गप्प बसत नाही. माझं ऐकाल तर पहिले काही हप्ते तुमच्याकडे न येता तिकडे जाऊ देत, पाटल्या सुटल्या की मग तुमचे सुरू. ओव्हन अजून लांबेल. आणि हे त्याला नाही, वहिनीला सांगा, तिच्या हातानं होऊ दे.


नानापेठ_केकवाली

पटत नाहीये, दादा. खरंच पटत नाहीये, माझा बयाणाही अडकलाय तिथे. पण उद्या वहिनीला फोन करते. किती व्याज आहे ते तरी कळू दे.